गाशाच्या नावाने

१

शनिवारी दुपारची जेवणं उरकली की आमच्या वोरोनी गावात घराघरांच्या मागून धूर वर जायला लागतो. बान्या तापवायला घेतलेली असते. वाफेची न्हाणी म्हणा हवं तर. पण नुसत्या न्हाणीत अंग स्वच्छ होतं. बान्येतून माणूस बाहेर पडतो तो आठवडाभराचं सगळंच टाकून. हाडात शिरलेली दर्याची थंडी, माशांचा वास, शेजारणीशी झालेलं भांडण, सगळं. आधी बायका जातात, मग पुरुष. पुरुष म्हणतात, आम्हाला कडक वाफ लागते. खरं म्हणजे त्यांना तापलेली बान्या आयती हवी असते.

आमच्या घरची बान्या जखार काकांनी बांधली. लाटांनी किनाऱ्यावर टाकलेले ओंडके, त्यांच्या फटीत शेवाळ, आणि तेलाच्या पिंपाची भट्टी. बाहेर कपडे काढायची खोली आहे. तिच्यातून वाकून जावं लागेल इतकं बुटकं दार, आणि आत वाफेची खोली. तिथे दोन पायऱ्यांचं बाकडं आहे, तापलेले दगड आहेत, आणि हाताच्या पंजाएवढी एक खिडकी.

जखार काका गेले. मागे राहिली त्यांची बायको, माझी फेदोसिया मावशी. माझी आई मी रांगत असतानाच वारली, तेव्हापासून मावशीनेच मला वाढवलं. आता तिला फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं, तोंड मात्र शाबूत होतं. देवाशी ती चर्चमधल्या जुन्या रशियन भाषेत बोलायची, आणि माझ्याशी, कुत्र्याशी नि भट्टीशी आमच्या सुग्पियाक भाषेत. रागवायला हीच भाषा बरी, असं तिचं म्हणणं.

इस्टरपूर्वीचा मोठा उपास सुरू व्हायच्या आदल्या शनिवारी मी तिला आत खालच्या पायरीवर बसवलं आणि लक्षात आलं, साबण घरीच राहिला. आणायला गेले तर वाटेत पारास्का भेटली. पारास्का शेजारीण, आणि तिच्या पोटात बातमी असली की ती माणसाची बाही धरून बोलते. बाही सुटेपर्यंत बराच वेळ गेला.

धावत परत आले. मावशी बाहेरच्या खोलीत चादर गुंडाळून बसली होती. चेहरा लालबुंद. केस धुतलेले, विंचरलेले आणि घट्ट वेणीत बांधलेले.

"आज तुझे हात मऊ लागले गं," ती म्हणाली. "आणि एवढा वेळ तोंड बंद? ताप-बिप नाही ना आला, गाशा?"

माझं नाव अगाफ्या. गाशा म्हणते ती फक्त मावशी.

साबण माझ्या हातात होता. कोरडा.

२

मी आधी सरळ विचार केला. आंधळ्या माणसाच्या हातांना पुष्कळ येतं. तिने आपली आपणच धुतली असेल वेणी. पण चर्चच्या पायरीवरून पडल्यापासून मावशीचा उजवा हात कानाच्या वर जात नव्हता. डोक्याला रुमाल मीच बांधत होते.

म्हणजे कुणीतरी आलं होतं. गावातलीच कुणी बाई, म्हातारी एकटी बसलेली पाहून आत शिरली असेल. वोरोनीत असं कुणी केलं तर त्यात नवल काहीच नाही.

आमच्याकडे घराघरात होडीवरचा रेडिओ दिवसभर चालू असतो. एक बोलली की साऱ्या गावाला ऐकू जातं. मी विचारलं, "आमच्या मावशीला आज कुणी न्हाऊ घातलं? देव तिचं भलं करो."

थोडा वेळ खरखर. मग कुणीतरी म्हणालं, "मी नाही बाई. तिने मागच्या वेळी माझ्या पायांना सीलचे पंजे म्हटलं होतं."

दुसरी म्हणाली, "पुढच्या शनिवारी माझ्या नवऱ्याला पाठवू का? घरात तरी त्याचा काही उपयोग नाही."

सगळ्या हसल्या, मीही हसले. एकीनेही "मी" म्हटलं नाही. चांगलं काम करून नाव लपवणारी बाई आमच्या गावात अजून जन्मायची आहे, हे मला रेडिओ ठेवल्यावर सुचलं.

३

पुढच्या शनिवारी मी तिला एकटीला सोडलं नाही. काहीच झालं नाही. माझी मलाच लाज वाटली.

त्याच्या पुढच्या खेपेला मावशी म्हणाली, "गार पाणी संपलं वाटतं. ओढ्यावरून आण ना."

गार पाणी संपलं नव्हतं. तरी मी बादली घेऊन गेले. ओढा काही लांब नाही. भरली बादली घेऊन मागच्या भिंतीशी आले तेव्हा आतून आवाज आला. ओगराळं पाण्यात बुडल्याचा, मग दगडांवर पाणी पडून होणारा तो लांब फुत्कार. मग मावशी बोलली. शब्द कळले नाहीत, पण ती खुशीत होती. बोलून ती थांबली. समोरचं माणूस बोलतं तेवढा वेळ थांबली, आणि मग खुदकन हसली.

मी भिंतीला कान लावला. ओंडका ऊबदार होता. आत मावशीशिवाय कुणाचा आवाज नव्हता. मात्र मधेमधे ती थांबत होती, आणि त्या थांबण्यात कुणीतरी होतं.

मी आत गेले. वाफेत मावशी एकटीच बसलेली. दगड अजून सू-सू करत होते. ओगराळं वरच्या पायरीवर पडलं होतं. मावशीला बसल्या जागेवरून तिथवर हात पोचवता आला नसता.

"आलीस होय परत?" ती म्हणाली. "एक सांग. आज पायापासून का सुरुवात केलीस?"

मी बादली खाली ठेवली.

गावात बाई वारली की तिला न्हाऊ घालायला मला आणि पारास्काला बोलावतात. आमच्या घरची रीत मावशीनेच मला शिकवली. जिवंत माणसाला आधी डोक्यावरून पाणी. मेलेल्याला आधी पाय, मग हात, आणि केस सगळ्यात शेवटी.

"घाईत होते," मी म्हटलं.

"असू दे," मावशी म्हणाली. "छान वाटलं."

४

त्याच सुमारास केशा आला. केशा म्हणजे इनोकेंती, मावशीचा एकुलता एक मुलगा. तिकडे अँकरेज शहरात विमानतळावर सामान चढवायच्या कामावर आहे. माझ्यापेक्षा लहान, माझ्या कडेवर वाढलेला. आईला घेऊन जायला आला होता. तिकडे डोळ्यांचे डॉक्टर आहेत, खोल्या गरम असतात, शिवाय त्याची बायको दिवसभर घरी असते.

मी सामन माशाचा पिरोक केला होता. भात, कोबी, मासा, वर खरपूस पापुद्रा. केशाने अर्धा एकट्याने संपवला आणि मग विषय काढला.

मावशीने सगळं ऐकून घेतलं. "तुझ्याकडे बान्या आहे का रे?"

"बाथटब आहे, आई. चांगला मोठा."

"टबात माणूस बुडतं. दर्यात बुडलं तर निदान लोक होड्या घेऊन शोधायला तरी निघतात."

"ताई, तू तरी सांग हिला," केशा माझ्याकडे वळला.

मावशीनेही तोंड माझ्याकडे वळवलं. तिला वाटलं असेल, गाशा आपल्या बाजूने बोलेल. जन्मभर बोलत आले होते.

"तो म्हणतो ते बरोबर आहे, मावशी," मी म्हटलं. "तिकडे तुझी नीट काळजी घेतली जाईल."

हाताने चाचपत तिने आपली बशी शोधली आणि माझ्यापासून दूर सरकवली.

केशाला वाटलं, मी तिच्या भल्याचा विचार करतेय. मी करतही होते. ती विमानात बसली की ते जे कोण पायापासून सुरुवात करतं ते इथे मागे राहील, एवढाच माझा विचार होता. तिला माझ्यापासून तोडावं लागलं तरी चालेल, पण जगू दे.

त्या आठवड्यात मी जाहीर केलं की भट्टीचं धुराडं सडलंय, बान्या बंद. मावशीला मी घरात चुलीपुढे बसवून परातीत पाय धुवायला सांगितले. तिने धुतले. मुलाच्या घरी पाहुणी म्हणून आल्यासारखी गप्प बसून धुतले.

५

शनिवारी दुपारी मी आणि केशा खाली किनाऱ्यावर होडी उलटी करून तिला डांबर लावत होतो. बर्फ वितळून वाटेवर चिखल झाला होता. ऊन होतं. केशाने सहज वर पाहिलं.

"ताई, धुराडं सडलंय म्हणालीस ना?"

घरामागून धूर निघत होता. सरळ, पांढरा, शांत.

"पारास्काने पेटवली असेल," मी म्हटलं. "तू हे संपव. मी बघून येते."

मावशीची खुर्ची रिकामी होती. तिची काठी कोपऱ्यातच होती. चिखलात तिच्या बुटांचे ठसे उमटले होते, कुंपण धरून गेलेले. तिच्या एकटीचेच. मी मुद्दाम वाकून पाहिलं, कारण दुसरे ठसे असते तर मला बरं वाटलं असतं.

बान्येच्या बाहेरच्या खोलीत तिचे कपडे खुंटीला टांगले होते. सगळ्यांत वरच्या खुंटीला, जिथे तिचा हात पोचत नाही. आतून पाण्याचा आवाज येत होता. कुणीतरी सावकाश, निगुतीने पाणी घालत होतं. एक ओगराळं, मग थोडी उसंत, मग दुसरं. लहान मुलाच्या डोळ्यांत साबण जाऊ नये म्हणून आपण घालतो ना, अगदी तसं.

मी ते बुटकं दार ढकललं, चार बोटं.

खिडकीतून उन्हाची एक पट्टी आत आली होती आणि वाफ तिच्यात फिरत होती. मावशी माझ्याकडे पाठ करून बसली होती. केस मोकळे सोडलेले. त्या केसांत दोन हात होते.

बाईचे हात. कोपरापर्यंत ओले, वाफेने लाल झालेले, नखं कापलेली. आपल्या घरात कुणाचेही असावेत असे हात. बोटं केसांच्या मुळाशी फिरत होती. कोपरांच्या पलीकडे वाफ होती. आणि वाफेच्या पलीकडे वरची पायरी आणि ओंडक्यांची भिंत. तिथे माणूस मावायला जागाच नाही.

दारातून गार वारा आत गेला. हात थांबले. कामात कुणी मधेच आलं की बायका थांबतात तसे थांबले आणि वाट पाहू लागले.

"दार लाव गं," मावशी म्हणाली. "वाफ जाते."

ती ते कुणाला म्हणाली, कळलं नाही. मी दार लावलं. बाहेरून.

६

संध्याकाळी केशा पारास्काच्या नवऱ्याकडे पत्ते खेळायला गेला. मी मावशीला चहा दिला. बशीत ओतून, तिला आवडतो तसा. बशी तिच्या हातात ठेवली आणि लगेच हात मागे घेतला.

"पाहिलंस वाटतं," ती म्हणाली.

"कोण आहे ती?"

"मला काय ठाऊक?"

"तू तिला गाशा म्हणतेस! तुला वाटत होतं मीच आहे म्हणून."

मावशी इतकी हसली की चहा सांडला. "अगं, तुझे हात काय मला माहीत नाहीत? जाळी ओढून ओढून करवतीसारखे झालेत ते. तू डोकं चोळलंस की मला वाटतं कुणी मासा खवलतंय. पहिल्या दिवशीच कळलं मला. तुला कधी कळतंय, तेवढं बघत होते."

"मग माझं नाव का घेतलंस?"

"तिला नाव विचारायचं नसतं. पण आपलं कुणी इतकं करतं, तर त्याला हाक तरी मारायला नको का? मला तुझंच नाव आवडतं, ते घेतलं."

"आणि ती ओ देते?"

"देते की."

मी खाली तिच्या पायांशी बसले. कुणीतरी माझ्या नावाला ओ देत होतं, आणि कदाचित माझ्याहून लवकर देत होतं.

"मावशी, ती पायापासून सुरुवात करते. तुला कळतं ना त्याचा अर्थ?"

"रीत तुला कुणी शिकवली?" तिने माझं डोकं चाचपलं आणि त्यावर हात ठेवला. "कळतं. ती तयारी करतेय. पण तिला घाई नाही गं. कधी पाय धुते, कधी मधेच सोडून वेणी घालत बसते. घाई तुला झालीय. मला विमानात घालायची."

मला रडू फुटलं. तिने रडू दिलं. मग म्हणाली, "पुरे आता. भीती वाटते ना? मग दाराबाहेर उभी राहून काय पाहतेस? आत ये."

७

दुसऱ्या दिवशी मी केशाला सांगितलं, मावशी कुठेही जाणार नाही. तो चिडला. म्हणाला, "परवा तूच हो म्हणत होतीस!" मी म्हटलं, "परवा मी मूर्ख होते." त्याने मावशीकडे पाहिलं. ती कुत्र्याला शिव्या देत होती आणि बऱ्याच दिवसांनी खुश दिसत होती. तो पुढच्या विमानाने एकटाच गेला. इस्टरला येतो म्हणाला.

शनिवारी बान्या मीच तापवली. मावशीला खालच्या पायरीवर बसवलं आणि स्वतः तिच्या मागे वरच्या पायरीवर बसले. जिथे ते हात होते तिथे. पाठ भिंतीला टेकली. म्हणजे मागे काही नाही, हे मी अंगानेच पक्कं करून घेतलं. मग मावशीच्या डोक्यावरून पाणी घातलं. आधी डोकं. जिवंत माणसाचं.

तिच्या केसांत साबण घालायला मी पुढे वाकले. पाठ भिंतीपासून सुटली, वीतभर असेल.

"गाशा," मावशी म्हणाली, "जरा जोरात चोळ."

मी तोंड उघडलं. माझ्या आधी, माझ्या मानेच्या मागून, कुणीतरी म्हणालं, "हं."

आवाज हळू होता. काम करता करता दिलेली ओ. त्यात राग नव्हता, काहीच नव्हतं. मी ओरडले नाही, कारण ओरडले असते तर मावशी घाबरली असती. मागे वळून पाहिलं नाही, कारण नाव विचारायचं नसतं तर तोंडही पाहायचं नसणार, असं मला वाटलं. बोटं तिच्या केसांत तशीच ठेवली आणि जोरात चोळायला लागले.

थोड्या वेळाने माझ्या पाठीवर पाणी पडलं. एक ओगराळं, सावकाश. ना कढत, ना गार. आई गेल्यापासून माझ्या पाठीवर दुसऱ्या कुणी पाणी घातलं असेल तर ते मावशीने, आणि मावशी माझ्या पुढ्यात बसली होती.

त्यानंतरचे शनिवार आम्ही असेच काढले. सवय झाली असं म्हणणार नाही. भट्टी पेटवताना दर वेळी वाटायचं, आज नको. पण जायचे मी.

८

मावशी इस्टरच्या आठवड्यात गेली. त्या आठवड्यात चर्चची घंटा कुणीही वाजवावी अशी मुभा असते, आणि गावातली सगळी पोरं दिवसभर ती बडवत होती. मावशी खिडकीपाशी खुर्चीत बसून ऐकत होती. म्हणाली, "एकालाही ताल नाही." मी दूध आणायला आत गेले, आले तेव्हा ती नव्हती. म्हणजे होती, खुर्चीतच.

मी आणि पारास्काने तिला न्हाऊ घातलं. पारास्का म्हणाली, "किती स्वच्छ आहेत गं हिचे पाय, लहान मुलासारखे." मी मान हलवली. केशा आला होताच. त्यानेच शवपेटीला खिळे ठोकले.

चाळीस दिवसांची प्रार्थना झाल्यावर त्याने बेत सांगितला. घर आता त्याचं. उन्हाळ्यात मासेमारीच्या हौसेने येणाऱ्या पाहुण्यांना ते भाड्याने द्यायचं. नळाची नवी न्हाणी बांधायची, जुनी बान्या पाडायची.

"धुराडं तसंही सडलंय," तो म्हणाला. "तूच म्हणाली होतीस."

खोटं बोललं की ते कधीतरी असं दारात येऊन उभं राहतं. मी म्हटलं, "तुझं घर. तू ठरव."

दुपारी तो पहार खांद्यावर टाकून मागे गेला. मी टेबलाशी पिरोकचं पीठ मळत होते. कान मागच्या बाजूला लावलेले. पहिला घाव ऐकू येईल, मग फळी करकरेल, असं मनाशी म्हणत होते. काहीच ऐकू आलं नाही. पीठ मळून झालं, तरी मी मळतच राहिले.

दार उघडलं. केशाने पहार आवाज न करता भिंतीला टेकवली आणि खुर्चीत बसला. त्याच्या केसांतून पाणी ठिबकत होतं. शर्टाची कॉलर भिजली होती. कान घासून घासून लाल झाले होते, लहानपणी शनिवारी व्हायचे तसे. सकाळपासून भट्टी पेटलेली नव्हती, आणि त्याच्या डोक्यावरून वाफ निघत होती.

त्याने टेबलावरच्या पुसायच्या फडक्याने तोंड पुसलं.

"चहा आहे का?" तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "पाडू नको एवढंच सांगायचं होतं तर इथेच सांगायचं ना, ताई. तिथे येऊन कशाला?"

मी पुन्हा पीठ मळायला घेतलं.

"तूच म्हणालीस ना? राहू दे म्हणून?"

आता त्याने वर पाहिलं. माझे हात मनगटापर्यंत पिठात होते. त्याने ते पाहिले. पीठ पाहिलं, लाटायला काढून ठेवलेली फळी पाहिली, आणि मग माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. चाळिशीचा माणूस, पण कडेवरून उतरायला घाबरणाऱ्या पोरासारखा.

"हो रे," मी म्हटलं. "मीच म्हणाले."

त्याने सुस्कारा सोडला. मी हात धुतले आणि त्याच्यासाठी चहा ओतला.